खाँसाहेबांचा आवाज

लॉकडाऊनच्या पहिल्या पावसाळ्यात मी पुण्याहून आजऱ्याला घरी आलो आणि माडीवर टेबल टाकून काम करू लागलो. पाऊस वाढला की नेटवर्क जायचं, त्यामुळे गाणी आधीच उतरवून ठेवावी लागत. त्यात बाख भरपूर होता. कोड लिहिताना शब्द असलेलं गाणं चालत नाही, एवढंच त्याचं कारण. त्या माणसाबद्दल मला काडीची माहिती नव्हती. एके दिवशी हेडफोन बिघडला म्हणून लॅपटॉपवरच लावलं, तर आजोबा जिना चढून वर आले. आजोबा प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर, भजनी मंडळात पेटी वाजवतात. दारात उभं राहून त्यांनी थोडा वेळ ऐकलं.

"हा कोण रे?"

"बाख. जर्मन. तीनशे वर्षांपूर्वीचा."

"हिशेबाचा पक्का दिसतोय," ते म्हणाले. "आता आमच्या खाँसाहेबांचं लाव की कायतरी."

खाँसाहेब म्हणजे अल्लादिया खाँ. १९६०च्या आसपास आजोबा शिक्षकाच्या ट्रेनिंगला कोल्हापुरात होते, तेव्हा त्यांनी मल्लिकार्जुन मन्सूर ऐकले आणि ते कायमचे बाधले गेले. स्वतः खाँसाहेब १९४६ सालीच मुंबईत वारले होते. तरी ते 'आमचे'. मी शोधायला बसलो. दहा मिनिटांत सापडेल असं वाटलं होतं, तीन दिवस गेले. अल्लादिया खाँचं एकही ध्वनिमुद्रण नाही. अर्धवट नाही, खरखरीचं नाही, काहीच नाही.

मला हे पटेना. बाख १७५० साली मेला, तेव्हा विजेचा दिवासुद्धा नव्हता. त्याच्या हजाराहून अधिक रचना आज क्रमांक लावून, सुरासुरानिशी हाताशी आहेत. इकडे गौहर जानचं गाणं १९०२ साली कलकत्त्यात तबकडीवर चढलं, १९०५च्या सुमारास अब्दुल करीम खाँचंही. तेव्हा अल्लादिया खाँ पन्नाशीच्या आत-बाहेर होते आणि पुढे चाळीस वर्षं जगले. माझ्या गावापासून ८०-८५ किलोमीटरवर ते रोज गात होते.

कारण म्हणून सांगतात, की तबकडी तीन मिनिटांची आणि त्यांची गायकी तीन मिनिटांत मावणारी नव्हती. मला हे पुरेसं वाटत नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मन्सूर हे सगळे त्याच गायकीचे, आणि त्यांनी त्याच छोट्या तबकड्यांत ती नेटकी बसवली. खरं कारण विद्येकडे पाहण्याच्या दृष्टीत असावं. गाणं ही घरची मिळकत. ते कोणाला द्यायचं, किती द्यायचं, कधी द्यायचं हे घरातला कर्ता ठरवणार. तबकडी मात्र पैसे मोजणाऱ्या कोणाच्याही घरी जाते.

ही राखण फक्त आपल्याकडची, असं मी समजत होतो. मग बाखचं चरित्र वाचलं. दहाव्या वर्षी आई-बाप गेलेला हा पोर ओर्डरुफ गावात थोरल्या भावाकडे राहायला गेला. भाऊ चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. नामवंत संगीतकारांच्या रचनांची एक वही त्याने जाळीच्या कपाटात कुलपात ठेवली होती आणि धाकट्याला ती देत नव्हता. पोराने जाळीतून हात घालून वहीची गुंडाळी करून ती बाहेर काढायची आणि चांदण्यात बसून नक्कल करायची, असं सहा महिने केलं. भावाला कळलं तेव्हा त्याने नक्कलही काढून घेतली. बाखच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने आणि एका शिष्याने लिहिलेल्या मृत्युलेखात ही हकिगत आहे. आपल्याकडच्या गवयांच्या गोष्टींत ही सहज खपून जाईल; कपाटाऐवजी पडदा आणि वहीऐवजी उस्तादाचा पहाटेचा रियाज, एवढाच फरक.

अल्लादिया खाँचा जन्म १८५५चा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. घराणं धृपदियांचं. वडील लवकर गेले आणि चुलते जहांगीर खाँ यांनी शिकवलं, आधी अनेक वर्षं धृपद आणि मग ख्याल. तरुणपणी आवाज खणखणीत होता, संस्थानोसंस्थानी बोलावणी येत. त्यांतच माळव्यातलं आमलेटा हे छोटं संस्थान होतं. तिथल्या राजाला गाण्याचं इतकं वेड, की तो खाँसाहेबांना तासन् तास, दिवसामागून दिवस गायला लावी. गळा त्याखाली बसला. बराच काळ तो उठलाच नाही, आणि उठला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता.

या ठिकाणी मी थबकलो. गवयाचा आवाज जाणं म्हणजे काय, हे समजायला आपण गवई असायला लागत नाही. माणूस घरी बसला असता, किंवा पोरांना शिकवून पोट भरलं असतं. त्यांनी जो गळा उरला होता त्याला झेपेल असं गाणं नव्याने बांधलं. तार सप्तकात झेप घेऊन सभा जिंकायची नाही, तर मधल्या पट्टीत सुरांची वीण इतकी दाट करायची की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा सापडू नये. जयपूर-अत्रौली म्हणून आज जी गायकी ओळखतात ती ही. खुला आकार, मात्रेमात्रेला धरून चाललेली लय, एकातून दुसरी निघणारी पेचदार तान, आणि समेवर येणं असं की शेवटच्या क्षणापर्यंत वाटावं, हा माणूस आता चुकला. रागही सरळ नाहीत. बसंती केदार, भूपनट, ललिता गौरी, खोकर, संपूर्ण मालकंस असे अनवट आणि जोडराग त्यांनी कुठून कुठून उजेडात आणले, काहींना घाट दिला. बसंती केदारात बसंत संपून केदार कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. आजोबांना बाख 'हिशेबाचा' का वाटला, ते मला इथे उमगलं. बाखच्या फ्यूगमध्येही एक लहानसा सुरांचा तुकडा घेतात आणि तो स्वतःवरच गुंफत नेतात. अर्थात तिथे दोन-तीन-चार स्वरपंक्ती एकाच वेळी बोलतात, इथे एकच गळा आहे. तुलना त्यापुढे ताणण्यात अर्थ नाही.

१८९५च्या सुमारास शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरच्या दरबारात घेतलं आणि १९२२ साली महाराज वारेपर्यंत ते तिथे राहिले. आजरा तेव्हा थेट दरबाराकडे नव्हता, इचलकरंजी जहागिरीचा महाल होता. आमच्या जहागीरदारांच्या, नारायणराव घोरपड्यांच्या, पदरी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. त्यांनी ग्वाल्हेरची गायकी पायपीट करून महाराष्ट्रात आणली. बुवांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपीची पुस्तकं छापली, फी भरेल त्याला गाणं खुलं केलं. म्हणजे एकाच मुलखातून दोन वाटा फुटल्या. एकीने कपाटाचं कुलूप काढलं, दुसरीने किल्ली कमरेला ठेवली. मी व्यवसायाने पहिल्या वाटेचा. आमचं निम्मं काम लोकांनी फुकट उघडं करून ठेवलेल्या कोडवर चालतं. तरी आजही अंगावर काटा येतो तो दुसऱ्या वाटेच्या गाण्याने, हे कबूल करायला हवं.

किल्ली कोणाला मिळाली? मुलांना मिळाली: बडेजी, मंजी खाँ, भूर्जी खाँ. भास्करबुवा बखल्यांना मिळाली, पण ते १९२२ सालीच गेले, ज्या वर्षी शाहू महाराज गेले त्याच वर्षी. खाँसाहेब मुंबईला गेले. मंजी खाँनी बापाच्या शिस्तीत गात गात स्वतःची वाट काढली आणि १९३७ साली, पन्नाशीही न गाठता, तेही गेले. मन्सूर त्यांचे शिष्य. पुढे भूर्जी खाँनी त्यांना सांभाळलं. माणसामाणसाने राखलेल्या विद्येला हाच धोका. एक माणूस गेला की एक प्रत गेली.

बाखच्या बाबतीतही नशिबाचा भाग कमी नव्हता, हे मला नंतर कळलं. त्याच्या वह्या मुलांत वाटल्या गेल्या. एकाने नीट ठेवल्या, थोरल्याने अडचणीत विकल्या. मृत्युलेखात चर्चच्या वर्षभराच्या कँटाटांचे पाच संच सांगितले आहेत. आज सुमारे २०० कँटाटा शिल्लक आहेत. संत मार्कच्या पॅशनचे शब्द राहिले, संगीत गेलं. चेलोचे ते प्रसिद्ध सहा सूट त्याच्या हस्ताक्षरात मिळालेच नाहीत. ते मुख्यतः बायकोने, आना माग्डालेनाने, केलेल्या नकलेमुळे टिकले. तिचा हात त्या दिवसांत दुखत असता तर माझ्या माडीवर निम्मी शांतता असती.

खाँसाहेबांच्या घरात नक्कल करणारा हात नव्हता, गळे होते. त्यांतला सगळ्यांत भारी गळा गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंचा. आठव्या वर्षी त्या कोल्हापुरात अब्दुल करीम खाँकडे काही महिने शिकल्या, मग रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा असे गुरू करत १९२१ साली त्यांनी अल्लादिया खाँचा गंडा बांधला. तेव्हा त्या आजच्या माझ्याच वयाच्या, आणि गुरू पासष्टीचे. पाटी पुसून पहिल्यापासून सुरुवात. पुढे खाँसाहेब जाईपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, ती तालीम चालली. ऑगस्ट-सप्टेंबर १९७७मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांवर पृथ्वीवरच्या संगीताची सोनेरी तबकडी आहे. तीत बाखच्या तीन रचना आहेत आणि भारताची एकच: केसरबाईंची भैरवी. दुसरं यान सुटल्यानंतर अकराव्या दिवशी त्या मुंबईत वारल्या. ज्यांनी तबकडीला गळा दिला नाही, त्यांची तालीम अशी सूर्यमालेच्या पार गेली आहे, बाखच्या शेजारी बसून.

हे मी आजोबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "तिथं ऐकणारं कोण हाय?"

मग मला जवळचा धागा सापडला. गोविंदराव टेंबे कोल्हापुरात खाँसाहेबांच्या सहवासात घडले, पुढे त्यांनी त्यांचं चरित्रही लिहिलं. याच टेंब्यांनी १९११ साली 'मानापमान' नाटकाला चाली दिल्या. नाटकाच्या चाली पुढे गावोगावच्या भजनी मंडळांत शिरल्या, आमच्याही. आजोबा एकादशीला अभंग लावतात त्यांतल्या दोन-तीन चाली सरळ मानापमानातल्या आहेत, हे त्यांनाही माहीत आहे; त्यांना त्यांच्या बुवांनी शिकवल्या, बुवांना कंपनीच्या एका पेटीवाल्याने. किती वळणं घेऊन, किती गाळून पोहोचलं असेल ते. तरी एका अभंगात समेच्या आधी आजोबा जरा रेंगाळतात आणि वाटतं, चुकले.

गेल्या आषाढीला मी फोन घेऊन त्यांच्यासमोर बसलो. ठरवून गेलो होतो, सगळ्या चाली एकेक करून भरून ठेवायच्या, नावं द्यायची, दोन ठिकाणी जपायच्या. आजोबांनी भाता सोडला, सूर दिला, माझ्याकडे पाहिलं आणि थांबले.

"फोन ठेव खाली. टाळ घे."

तिसऱ्या आवर्तनाला माझा टाळ चुकला. त्यांनी पेटी थांबवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.