छातीशी धरलेला फोन

पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर एखादे आजोबा फोन कानाला न लावता सदऱ्याच्या खिशाशी धरून बसलेले दिसले, तर हसू नये. त्यांच्या खिशात ऐकण्याचं पेटीचं मशीन असतं आणि त्यातून निघालेली वायर कानात जाते. आवाज टिपणारा माइक पेटीवर असतो, तेव्हा फोनही तिथेच हवा. कानामागच्या मशीनचा माइक कानाच्या वरच्या टोकाशी असतो. तिथे फोन जरा वर सरकवायचा. ‘मशीन घेतलं, तरी फोनवर ऐकू येत नाही’ ही तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच मिटते.

नाही मिटली, तर या विषयात आपलं स्वागत.

श्रवणयंत्र आणि मोबाइल यांचं एकमेकांशी जमतं का, या प्रश्नाची सुरुवात एका भुणभुणीपासून झाली. टूजीचा जीएसएम फोन सलग लहरी सोडत नाही. बोलणं चालू असताना सेकंदाला २१७ झटके देतो. यंत्रातल्या बारीक तारा हे झटके अँटेनासारखे पकडतात आणि अँप्लिफायर त्यांची घरघर करून कानात ओततो. फोन श्रवणयंत्राशी जुळलेच पाहिजेत, असं सांगणाऱ्या अमेरिकेतल्या १९८८च्या कायद्यानं मोबाइलला सूट दिली होती. २००३मध्ये ती बरीचशी काढून घेतली गेली आणि फोनला एम-३, टी-३ असे दर्जे मिळू लागले. एम म्हणजे माइकवर ऐकताना, टी म्हणजे टेलिकॉइलवर ऐकताना. टेलिकॉइल हे यंत्रातलं तारेचं छोटं वेटोळं. फोनच्या चुंबकीय क्षेत्रातून ते बोलणं थेट उचलतं, आजूबाजूचा गलबला बाहेरच राहतो. जुन्या काळ्या फोनच्या रिसीव्हरमधून हे क्षेत्र आपसूक पाझरायचं. नवीन फोनमध्ये ते मुद्दाम राखावं लागतं.

आता डोंगराकडे वळू. टॉवर लांब असला की फोन जोर लावतो आणि घरघरही वाढते. जीएसएमच्या ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात हा जोर २ वॅटपर्यंत जातो. टॉवर शेजारी असेल, तर त्याचा अगदी लहानसा अंश पुरतो. प्रयोगशाळेत फोन मुद्दाम पूर्ण जोरावर ठेवून तपासतात. मुंबईत ती अवस्था क्वचितची. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, रेंजसाठी अंगणाचा कोपरा ठरलेल्या वाडीत, ती रोजची. म्हणून हा विषय शिकायला मला महाड-पोलादपूर बंगळुरूहून सरस वाटतं.

इथल्या कानांनाही इतिहास आहे. या तालुक्यांतली कितीतरी माणसं मुंबईच्या गिरण्यांत साच्यांवर उभी राहिली. सततच्या खडखडाटानं आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येणं जातं. स, श, फ पुसट होतात. त्यात जुन्या पद्धतीचा फोन ३४०० हर्ट्झच्या वरचं पलीकडे पोचवतच नाही. कानानं गाळलेलं फोन पुन्हा गाळतो. फोरजीवरच्या व्होल्टी कॉलमध्ये ही मर्यादा ७००० हर्ट्झपर्यंत जाऊ शकते, घरघरही बरीच कमी होते. पण बटणाचा टूजी फोन हातातून सुटत नाही, कारण त्याची बटणं बोटांना पाठ असतात. ब्लूटूथच्या यंत्रांबद्दल उत्साहानं बोललं जातं, ते योग्यही आहे. त्यासाठी फोन आणि यंत्र दोन्ही तशी लागतात, एवढंच.

नवख्यानं सुरुवात अशी करावी: पेटीचं मशीन आणि टूजी फोन घेऊन महाडहून एस.टी.नं पोलादपूर गाठावं, पुढे उमरठकडे जावं. कॉल चालू ठेवावा आणि घरघर वाढेल तिथे वहीत खूण करावी. पावसाळ्यात निघालात, तर सिलिका जेलची डबी जवळ असू द्या. सावित्रीच्या खोऱ्यातला दमटपणा आधी सेलच्या कप्प्यात शिरतो.