शाहीर आणि चलच्चित्र : चाकरी, साक्ष व स्वाधीनता

शाहिरी वाङ्मयाचा अभ्यास करताना शब्द, चाल आणि आशय ह्यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. परंतु शाहिराचे गाणे कोणत्या साधनाने श्रोत्यांपर्यंत पोचले आणि त्या साधनावर मालकी कोणाची होती, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. विसाव्या शतकात बोलपट आला, पुढे अनुबोधपट आला आणि एकविसाव्या शतकात इंटरनेटवरील चलच्चित्र आले. ह्या तीनही साधनांनी शाहिराचा आवाज त्याच्या फडापलीकडे नेला. तथापि आवाज दूरवर जाणे आणि त्या आवाजावर गाणाऱ्याची सत्ता राहणे, ह्या दोन भिन्न गोष्टी होत. ह्या भेदाचा महाराष्ट्रातील इतिहास तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. येथे ‘स्वतंत्र’ हे विशेषण जो कलावंत निर्मात्याच्या वा कंपनीच्या पगारी नाही, जो स्वतःच्या गीतावर व स्वतःच्या श्रोत्यांवर उभा आहे, अशा गायकासाठी योजिले आहे.

१. जलसा, कलापथक व पुस्तिका

महात्मा फुले ह्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या प्रचारकार्यातून पुढे सत्यशोधक जलसा उदयास आला. तमाशाचा सांगाडा घेऊन त्यात समाजप्रबोधनाचा आशय भरावयाचा, ही त्याची रीत होती. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात भीमराव कर्डक आदींनी आंबेडकरी जलसा गावोगावी नेला. १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभारले आणि गिरणगावातील चाळींपासून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांपर्यंत त्याचा आवाज घुमला. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ मध्ये जन्मलेले वामनदादा कर्डक २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत गीते रचीत व गात राहिले.

ह्या परंपरेचे अर्थकारण साधे होते. कार्यक्रमाची बिदागी, श्रोत्यांनी दिलेले बक्षीस आणि गाण्यांच्या छोट्या पुस्तिकांची विक्री, एवढेच तिचे आधार. पुस्तिकेचे मोल विशेष लक्षात घ्यावयास हवे. चैत्यभूमीवर वा दीक्षाभूमीवर भरणाऱ्या मेळ्यात शाहीर आपली पुस्तिका स्वतः विकू शके. तीवर त्याचे नाव छापलेले असे आणि आलेला पैसा त्याच्या हाती पडे. उत्पन्न अल्प होते, परंतु गाणे, नाव व श्रोता ह्यांची साखळी तुटलेली नव्हती. तिची दुर्बलताही उघड होती. एकदा गाणे दुसऱ्याच्या तोंडी गेले की रचणाऱ्याचे नाव मागे पडण्यास वेळ लागत नसे.

२. बोलपट : चाकरीचा काळ

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि हिंदी बोलपटाचे युग सुरू झाले. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यात गोविंदराव टेंबे ह्यांनी प्रमुख भूमिका केली व संगीतही दिले. प्रारंभीच्या बोलपटाला गाता येणारा नट हवा होता, म्हणून संगीत रंगभूमीवरील कलावंतांना तेथे मानाचे स्थान मिळाले. १९३५ पासून पार्श्वगायनाचा प्रघात सुरू झाल्यावर मात्र चेहरा व आवाज ह्यांची फारकत झाली. ‘महल’ (१९४९) ह्या चित्रपटातील लता मंगेशकर ह्यांच्या विख्यात गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर प्रथम गायिकेचे नाव नव्हते, तर ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव होते. जेथे अव्वल दर्जाच्या गायिकेची ही अवस्था, तेथे फडावरील गायकाची कथा ती काय!

लोककलेच्या बाबतीत १९४७ सालचा ‘लोकशाहीर राम जोशी’ हा टप्पा महत्त्वाचा होय. त्याच्या यशाने मराठीत तमाशापटांची लाट आली. अनंत माने ह्यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. ह्या चित्रपटांमुळे लावणीला मध्यमवर्गात प्रतिष्ठा लाभली, हे नाकारता येणार नाही. फडातील काही कलावंतांना कामेही मिळाली. परंतु चित्रपटातील लावणी चित्रपटाचे कवी लिहीत, चित्रपटाचे संगीतकार तिला चाल लावीत आणि तिचे हक्क निर्मात्याकडे व ध्वनिमुद्रिका कंपनीकडे राहत. लोककलेचा घाट पडद्यावर गेला. त्या घाटाचे धारक बहुतांशी बाहेर राहिले.

३. कायद्याची दृष्टी

ह्या स्थितीला कायद्याचे पाठबळ होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील संगीतकृतीच्या व्याख्येनुसार स्वरावली छापलेली, लिहिलेली वा अन्य प्रकारे आलेखित असणे आवश्यक होते. डफ-तुणतुण्यावर रचलेली आणि गुरूकडून शिष्याकडे तोंडी जाणारी चाल ह्या व्याख्येत बसत नव्हती. शाहिराचे शब्द कागदावर उतरले तर त्यांना संरक्षण होते, पण चालीला नव्हते आणि प्रत्यक्ष गाण्याला तर मुळीच नव्हते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा प्रथम मालक, उलट करार नसल्यास, निर्माताच ठरतो. त्याच निकालाला जोडलेल्या टिपणीत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी भारतीय कायदा गायकाला उपेक्षित ठेवतो, ह्याबद्दल खेद व्यक्त केला होता. भारतीय संगीतात गाणारा हाच बहुधा निर्माताही असतो, हे त्यांच्या विवेचनाचे मर्म होते.

ही उणीव पुढे टप्प्याटप्प्याने भरून निघाली. १९९४ च्या दुरुस्तीने स्वरलेखनाची अट काढून टाकली व सादरकर्त्याचा हक्क मान्य केला. परंतु चित्रपटात समावेशास एकदा संमती दिली की तो हक्क तेथे संपत असे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार ह्यांचा स्वामित्वधनातील समान वाटा अहस्तांतरणीय केला. चित्रपटगृहातील प्रदर्शन मात्र त्यातून वगळले. व्यापारी उपयोग झाल्यास सादरकर्त्यालाही स्वामित्वधन मिळावे आणि त्याचे नाव घेतले जावे, ही तरतूदही तेव्हाच झाली. करारात ज्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख नाही व जे करारसमयी अस्तित्वात नव्हते, त्याचे हक्क करारात अंतर्भूत होत नाहीत, हेही तेव्हाच ठरले. गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. म्हणजे अण्णा भाऊ साठे (मृत्यू १९६९) ह्यांच्या रचनांवर २०२९ अखेरपर्यंत आणि वामनदादांच्या रचनांवर २०६४ अखेरपर्यंत संरक्षण आहे. वामनदादांचे एखादे गीत गाऊन त्याचे चलच्चित्र प्रसिद्ध करणाराने हे ध्यानी ठेवावयास हवे.

४. अनुबोधपट : साक्षीचा काळ

बोलपटाने शाहिराला नोकर वा विषय म्हणून पाहिले. अनुबोधपटाने त्याला साक्षीदाराचे स्थान दिले. आनंद पटवर्धन ह्यांच्या ‘बॉम्बे : हमारा शहर’ (१९८५) ह्या झोपडपट्टीवासीयांच्या उच्छेदावरील अनुबोधपटात कवी-गायक विलास घोगरे ह्यांचे गाणे आले. घोगरे हे आव्हान नाट्यमंचाशी संबंधित होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत घोगरे ह्यांनी आत्महत्या केली. पटवर्धन ह्यांनी त्या घटनेपासून चित्रीकरण आरंभिले. चौदा वर्षांनी, २०११ मध्ये, ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला.

इतिहासाचे साधन म्हणून ह्या अनुबोधपटाचे मोल असामान्य आहे. तीन तासांहून अधिक लांबीच्या ह्या कृतीत वस्तीतील, सभेतील व रस्त्यावरील गाणे त्याच्या मूळ परिसरात ऐकू येते. कोण गात आहे, कोणासमोर गात आहे आणि श्रोते कशाला दाद देत आहेत, हे ध्वनिमुद्रिकेत सापडत नाही, येथे सापडते. मुंबईच्या वस्त्यांतून तो दाखविण्यात आला, म्हणजे ज्यांचे गाणे त्यांच्याकडेच तो परत गेला. पुण्याच्या कबीर कला मंचातील शीतल साठे ह्यांचा आवाज ह्याच अनुबोधपटातून दूरच्या श्रोत्यांना परिचित झाला. मंचातील काही कलावंतांवर बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंधक) कायद्याखाली कारवाई सुरू झाली होती व काही भूमिगत झाले होते. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे व सचिन माळी विधान भवनासमोर प्रकट झाले. त्यांच्या बाजूने जी समिती उभी राहिली, तीत पटवर्धन ह्यांचाही सहभाग होता. चित्रीकरणाने मिळालेला परिचय येथे केवळ कीर्तीपुरता उरला नाही. संकटकाळी तो आधार ठरला.

तथापि साक्षीलाही मर्यादा आहे. अनुबोधपटाची रचना दिग्दर्शकाची असते. कोणते कडवे ठेवावे व कोणते वगळावे, हा निर्णय शाहिराचा नसतो. ह्या दृष्टीने चैतन्य ताम्हाणे ह्यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा कथापट लक्षणीय आहे. एका गाण्यावरून खटल्यात गोवलेल्या लोकशाहिराची ही कथा. तीत शाहिराची भूमिका वीरा साथीदार ह्या चळवळीतील कार्यकर्त्याने केली, तर संगीत संभाजी भगत ह्या शाहिराने दिले. म्हणजे येथे शाहीर पडद्यावरील विषयापुरता न राहता श्रेयनामावलीत निर्मितीचा भागीदार झाला. ‘सांगत्ये ऐका’पासून ‘कोर्ट’पर्यंतचे अंतर मोजावयाचे तर ते ह्या ठिकाणी मोजावे.

५. इंटरनेट : स्वाधीनतेची शक्यता

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले व २००८ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती निघाली. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्याने खेड्यापाड्यांतील श्रोताही चलच्चित्रे पाहू लागला. आता शाहिराला निर्मात्याची वा दिग्दर्शकाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. जलशाचे चित्रीकरण त्याच रात्री प्रसिद्ध होऊ शकते. अर्थात, पुस्तिकेने जे मर्यादित क्षेत्रात साधले होते, ते विस्तृत क्षेत्रात साधण्याची शक्यता निर्माण झाली.

परंतु पुस्तिका छापणारा मुद्रक ती कोणी विकत घ्यावी हे ठरवीत नव्हता. येथे मात्र श्रोत्यापुढे काय ठेवावे, हे कंपनीची यंत्रणा ठरविते. उत्पन्नाचेही तसेच. यूट्यूबने २०१८ मध्ये जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा देण्यासाठी किमान १,००० वर्गणीदार व बारा महिन्यांत ४,००० तास प्रेक्षण अशी अट घातली. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. पाच मिनिटांचे गीत पूर्णतः ४८,००० वेळा पाहिले जावे, तेव्हा ही अट पुरी होते. तेच चाळीस मिनिटांचा संपूर्ण जलसा ६,००० वेळा पाहिला गेला तरी भागते. जलशाची मूळ लांबी राखणे हे कलादृष्ट्या जसे उचित, तसेच व्यवहारदृष्ट्याही हितावह ठरू शकते, हा ह्या हिशेबाचा अर्थ होय.

दुसरी अडचण हक्कांची आहे. २००७ पासून यूट्यूबने ध्वनीचे साम्य आपोआप ओळखणारी यंत्रणा आणली. ती नोंदविलेल्या ध्वनिमुद्रणाशी तुलना करते. एखादी चाल पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी आहे, हे ती जाणू शकत नाही. ज्याने नोंद केली त्याचा दावा आधी उभा राहतो. मौखिक परंपरेला १९५७ च्या कायद्याने जी नोंदीची अट घातली होती, तीच येथे निराळ्या वेषात परत आलेली दिसते. म्हणून गीताचा कर्ता, चालीचे मूळ, गायक-वादकांची नावे, स्थळ व दिनांक ह्यांची नोंद शाहिराने स्वतः ठेवणे आणि चित्रीकरण करणाऱ्याशी लेखी करार करणे अगत्याचे झाले आहे.

ह्या बाबतीत जात्यावरील ओव्यांच्या संकलनाचे उदाहरण अनुकरणीय आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवँ ह्यांनी प्रथम पुणे जिल्ह्यात आणि मग इतरत्र एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. २०१७ पासून ‘पारी’ ह्या ग्रामीण भारतविषयक संग्रहाने त्या इंटरनेटवर ध्वनी व चलच्चित्रांसह प्रसिद्ध केल्या. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव दिलेले असते. ज्या वाङ्मयप्रकाराला ‘अनामिक’ म्हणण्याचा प्रघात होता, त्याला अशा रीतीने नाव लाभले.

समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, चलच्चित्राचा लाभ शाहिराला केव्हा झाला हे साधनाच्या नवेपणावरून ठरलेले नाही. बोलपट नवा असतानाही त्याने शाहिराला बाहेर ठेवले. अनुबोधपटाने साधनांची चणचण असतानाही त्याची साक्ष जपली. गाण्यावर कर्त्याचे नाव राहिले काय, हक्क कोणत्या कागदावर कोणाकडे गेले आणि प्रत्यक्ष श्रोत्यांचा मेळा टिकला काय, ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर निर्णय अवलंबून राहिला. त्यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत जुना व सर्वांत निकडीचा आहे. कबीर कला मंचाच्या वा विलास घोगरे ह्यांच्या गाण्याचे चित्रण झाले, कारण ते आधी वस्तीत गायिले जात होते. महाराष्ट्रातील शाहिरांच्या उपलब्ध चित्रणांची गीत, कर्ता, गायक, स्थळ व दिनांक ह्यांसह सूची करणे हे कार्य विद्यापीठीय संशोधनाच्या कक्षेत सहज येण्याजोगे आहे. वामनदादांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी हयात आहे, तोवरच ते विश्वसनीय रीतीने पुरे होऊ शकेल.