अधिवास आणि मनांतला हेतु

मनुष्य कोठला म्हणावयाचा? राहतो तेथला, कीं जेथें कायम राहावें असें मनांत असतें तेथला? अधिवास ठरवितांना कायदा ह्या मनांतल्या हेतूचाच पुरावा मागतो.

विल्यम लुई विनन्स हा धनाढ्य अमेरिकन १८६० मध्यें प्रकृतीसाठीं इंग्लंडांत आला आणि १८९७ मध्यें तेथेंच वारला. तो इंग्लंडचाच झाला होता, असें म्हणून सरकारनें त्याच्या मागें राहिलेल्या संपत्तीवर कर मागितला. परंतु ह्या गृहस्थाचें चित्त निराळ्याच ठिकाणीं गुंतलें होतें! चिरुटाच्या आकाराचीं जहाजें बांधावयाचीं, त्यांच्यासाठीं बाल्टिमोरला गोदी उभारावयाची आणि जगाची मालवाहतूक ब्रिटनकडून अमेरिकेकडे खेंचावयाची, हें त्याचें स्वप्न. १९०४ मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्सनें सरकारची मागणी फेटाळली; इंग्लंडांत कायम राहण्याचा हेतु सिद्ध झाला नाहीं. लॉर्ड लिंडली यांचें मत मात्र विरुद्ध पडलें, आणि तें सहज टाकण्याजोगें नाहीं.

तेथें पुराव्याचा भार सरकारवर होता. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यानें तो नागरिकावर घातला. परदेशांत राहणाऱ्या अमेरिकनास पत्नीसाठीं कायम वास्तव्याचा व्हिसा हवा असेल, तर तिच्या निर्वाहाची हमी द्यावी लागते. शिवाय तिच्याबरोबर किंवा आधीं परतून आपण तेथेंच राहणार, हें घराचा करार, बँकेंतलें खातें, नोकरीचा शोध अशा कृतींनीं दाखवावें लागतें. दुसरा धनवान जामीन उभा केला, तरी ही उणीव भरून निघत नाहीं.