टर्बो गाडीचं हेड 'पोर्टिंग' केलं की ताकद खरंच वाढते का?

मुंबईहून माल भरून माळशेज घाट चढणारा डिझेल पिकअप दम टाकायला लागला, की नारायणगाव-मंचर भागात कुणीतरी हमखास सल्ला देतं, "हेड पोर्टिंग करून घे." रील्समध्येही ग्राइंडरने चकचकीत केलेली हेड दिसतात. नेमकं यात होतं काय?

सिलिंडर हेडमध्ये हवा आत नेणारे आणि धूर बाहेर काढणारे मार्ग असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. ओतकामात राहिलेला खडबडीतपणा आणि अडथळे घासून त्यांना योग्य आकार देणं, म्हणजे पोर्टिंग. सगळ्यात जास्त फायदा व्हॉल्व्ह सीटच्या आसपासच्या कामातून मिळतो. आरशासारखी चमक बहुतेक दाखवण्यापुरतीच.

"टर्बो हवा दाबून भरतोच, मग पोर्ट कसाही असला तरी काय फरक पडतो?" हा गैरसमज सर्रास आढळतो. बूस्टचा आकडा म्हणजे एसटीच्या दारातली गर्दी. आत किती जण शिरले, हे त्यावरून कळत नाही. दार मोकळं केलं तर तेवढ्याच गर्दीत जास्त माणसं आत जातात. तसंच पोर्ट सुधारला तर त्याच बूस्टवर जास्त हवा सिलिंडरमध्ये जाते किंवा तेवढीच हवा कमी बूस्टवर मिळते. बूस्ट कमी म्हणजे हवा कमी तापते आणि टर्बोवरचा ताणही घटतो.

धुराच्या बाजूला मात्र हात आखडता हवा. टर्बोचं चाक फिरतं ते याच गरम वायूच्या जोरावर. पोर्ट वाजवीपेक्षा मोठा केला तर वायूचा वेग पडतो, टर्बो उशिरा जागा होतो आणि घाटात कमी आरपीएमला गाडी आणखीच रेंगाळते.

डिझेलचा मामला तर वेगळाच आहे. बऱ्याच डिझेल इंजिनांत हवेला भोवरा मिळावा म्हणून पोर्ट मुद्दाम वळणदार ठेवलेला असतो. 'अडथळा' समजून ते वळण घासलं तर डिझेल नीट मिसळत नाही आणि काळा धूर येतो. शिवाय डिझेलमध्ये ताकद ठरते इंधनाच्या मात्रेवर. ती तीच राहिली तर नुसत्या जास्त हवेने फार काही हाती लागत नाही. टर्बो पेट्रोलमध्ये धोका उलटा. काही गाड्यांचा ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब बघून हवेचा अंदाज बांधतो. दाब तोच आणि हवा जास्त झाली, तर इंधन कमी पडतं आणि इंजिन 'नॉक' होऊ शकतं. म्हणून पोर्टिंगनंतर ट्यूनिंग लागतंच.

जुन्नर साधारण ७०० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे ८ टक्के कमी असतो. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो, त्यामुळे उंचीसाठी म्हणून हेड खोलायचं कारण नाही.

गाडी आधी चढायची आणि आता चढत नाही, तर आधी एअर फिल्टर, इंटरकूलरचे पाइप आणि इंजेक्टर तपासा. ईजीआर असलेल्या डिझेलमध्ये इनटेक पोर्ट काजळीने अरुंद होतात. ते साफ केले की गेलेली ताकद बरीचशी परत येऊ शकते. पोर्टिंगमध्ये हात जास्त चालला आणि भिंत फुटून पाण्याच्या जॅकेटपर्यंत भोक गेलं, तर सहसा हेडच बदलावं लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. त्यामुळे इंजिनात असं काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे चौकशी करा, आणि कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्या अटीही वाचून घ्या.