४.६ गिगाहर्ट्झची रात्र

रात्री ८.०० : उरले दहा तास
सांगलीत लग्नांचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या, माझ्या ओळखीच्या एका तरुणाचा पीसी. आत इंटेलचा कोअर आय७-२६००के. २०११च्या जानेवारीत आलेला, चार कोअरचा, मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ. शेवटच्या ‘के’चा अर्थ मल्टिप्लायर खुला आहे. १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकला ३४ने गुणलं की ३.४, बायोसमध्ये ३४चे ४६ केले की ४.६. रेंडर लवकर उरकावं एवढीच त्याची इच्छा, आणि ती रास्तच होती. जुन्या प्रोसेसरकडून असं काम काढून घेण्याची ही विद्या मला मनापासून आवडते.

८.४० : उरले नऊ तास वीस मिनिटं
विंडोज सुरू झालं. पुष्कळ जण इथेच फसतात. विंडोज उघडायला प्रोसेसरला फारसं राबावं लागत नाही.

९.१५ : उरले पावणेनऊ तास
निळी स्क्रीन, स्टॉप कोड १२४. म्हणजे हार्डवेअरमधली चूक. या पिढीच्या प्रोसेसरवर पहिला संशय कोअर व्होल्टेज कमी पडल्याचा घ्यायचा. तो त्याने बरोबर घेतला. पण ०.०१-०.०२ने चढत जायचं सोडून १.२० व्होल्टवरून थेट १.३८ केलं. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. वेग १.३५ पट, व्होल्टेजचा वर्ग १.३२ पट, गुणाकार पावणेदोन पटीच्या वर जातो. तेवढी उष्णता आता त्याच कूलरने बाहेर टाकायची.

१०.०५ : उरले सात तास पंचावन्न मिनिटं
त्याच बैठकीत १६००ची रॅम १८६६वर नेली. माझ्या मते रात्रीतली सर्वांत महाग चूक हीच. यापुढे काही बिघडलं तर दोष प्रोसेसरचा की रॅमचा, हे ओळखायची सोयच उरली नाही.

१०.५० : उरले सात तास दहा मिनिटं
प्रोसेसरला ताण देऊन तपासणारं प्राइम९५ लावलं. आठ वर्कर, तापमान ८९ अंश. ९८ला हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. विसाव्या मिनिटाला सहावा वर्कर थांबला. खिडकीत एक ओळ आली : राउंडिंग ०.५, अपेक्षित ०.४ पेक्षा कमी. बाकीचे सात चालूच होते, माउस हलत होता, स्क्रीन शाबूत होती. त्याने प्रोग्रॅम बंद केला.

त्या ओळीचा अर्थ असा की यंत्राने गणित चुकवलं होतं. यंत्र बंद पडलं नव्हतं, त्याने चुकीचं उत्तर दिलं होतं.

११.३० : उरले साडेसहा तास
गेम तासभर सुरळीत चालला. गेममध्ये एखादा पिक्सेल चुकला तर कुणाला कळणार? २०००मध्ये इंटेलने आपला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री महिन्याभरात बाजारातून परत मागवला. तोही बाकी कामं करायचा. लिनक्सचं कर्नल कंपाइल करताना मात्र कोसळायचा.

१२.४० : उरले पाच तास वीस मिनिटं
आदल्या दिवशीच्या लग्नाच्या चित्रीकरणाची दोन मेमरी कार्डं डिस्कवर उतरवली. कॉपी झाली, एकही एरर नाही. विंडोज कॉपीनंतर मूळ फाइल आणि नक्कल पुन्हा वाचून जुळवून पाहत नाही. कार्डावरचा डेटा रॅममधून डिस्कवर जातो. वाटेत एक बिट उलटला तर तो उलटाच लिहिला जातो.

१.५० : उरले चार तास दहा मिनिटं
एक झिप फाइल उघडेना, सीआरसी एरर. फाइलच खराब असेल असं समजून त्याने ती पुन्हा डाउनलोड केली, तेव्हा उघडली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तोवर डब्ल्यूएचईए-लॉगरच्या पिवळ्या त्रिकोणांची रांग लागली होती : प्रोसेसरने पकडून दुरुस्त केलेल्या चुका. त्याने तो उघडलाच नाही.

४.०० : उरले दोन तास
पुढच्या लग्नासाठी दोन्ही कार्डं कॅमेऱ्यात फॉरमॅट केली. इथपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच काही परत मिळालं असतं.

६.००
त्याच कार्डांवर नवं चित्रीकरण सुरू झालं.

दुपारी टाइमलाइनवर क्लिप टाकल्या तेव्हा मंगलाष्टकांच्या मधोमध हिरवे चौकोन दिसू लागले. दोन क्लिप उघडल्याच नाहीत. त्यात वधूच्या आजी होत्या, व्हीलचेअरवरून अक्षता टाकताना.

नंतर सगळं डिफॉल्टवर आणून आम्ही एकेक गोष्ट तपासली. रॅम १८६६वर ठेवून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावलं तर पहिल्याच फेरीत लाल ओळी. १६००वर रात्रभरात एकही नाही. रॅम १६००वर ठेवूनही ४.६ला पिवळे त्रिकोण येतच राहिले, ४.४ला थांबले. म्हणजे दोष दोन होते, आणि दोघांनी एकमेकांना झाकलं होतं.

ओव्हरक्लॉक जरूर करा. पण प्राइम९५ आणि मेमटेस्ट८६ रात्रभर बिनचूक चालल्याशिवाय त्या पीसीवर दुसऱ्याची एकही फाइल उतरवू नका, आणि नक्कल जुळवून पाहिल्याखेरीज मूळ कार्ड पुसू नका.