हात आधी, आपण मागून

आज इतिहास सांगायचाय, पण राजेरजवाड्यांचा नाही, आपल्याच हातांचा. ओट्यावरून वाटी घसरते आणि खाली पडायच्या आत हात तिथे पोचलेला असतो. "कशी गं पकडलीस?" असं विचारलं तर सांगता येत नाही. आपल्याला कळायच्या आधीच हात हललेला असतो.

पूर्वी विद्वानांना वाटे, मेंदूचा निरोप इतक्या झटक्यात पोचतो की त्याचा वेग कधी मोजताच येणार नाही. 1850 मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पायाच्या मज्जातंतूवर तो मोजला. निघाला सेकंदाला तीसेक मीटर. म्हणजे विजेसारखा वगैरे मुळीच नाही, आपल्या एक्स्प्रेस-वेवर मोटारी धावतात साधारण तेवढाच! माणसाचा निरोप याहून जलद जातो, पण डोळ्यांनी बघून, ठरवून हात हलवायला आपल्याला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतोच.

मग वाटी सापडते कशी? पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेले सैनिक गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी तपासले. त्यांच्या लहान मेंदूला इजा झाली होती. हात चालत होते, पण वस्तू घ्यायला गेले की नेम चुकून पुढे जात. चाललेली हालचाल वाटेत सावरणारा कारागीर तिथे बसतो, हे त्यातून उमगलं.

मला सगळ्यात आवडतो तो हॅमंड यांचा 1956 मधला प्रयोग. माणसाच्या वाकवलेल्या हाताला अचानक हिसका द्यायचा. आधी सांगून ठेवायचं, 'ओढ लागली की घट्ट धरा' किंवा 'सोडून द्या'. हिसक्यानंतर सेकंदाच्या विसाव्या भागात दंडाचा स्नायू आवळला जाई. एवढ्यात विचार करणं कुणालाच शक्य नाही. तरी ज्यांना 'सोडून द्या' सांगितलं होतं, त्यांचा स्नायू तसा आवळलाच नाही! म्हणजे ही झटपट हालचाल आंधळी नसते, आपण आधी मनाशी काय धरलंय ते तिला ठाऊक असतं. बायकांना हे सांगायला नकोच. रिकामा तवा भाजला तर हातातून सुटतो, पण कढईत तेल आणि पायाशी लेकरू असेल तर चटका सोसून कढई धरली जाते.

आता आपल्या मुंबईचा एकनाथ सोलकर बघा. वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे, पोर तिथेच वाढलं. पुढे तो फलंदाजापासून चार पावलांवर उभा राहायचा, तेही हेल्मेटशिवाय. 27 कसोटीत 53 झेल! ऑगस्ट 1971 मध्ये ओव्हलवर ॲलन नॉटचा झेल त्याने पुढे सूर मारून घेतला आणि भारताने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी जिंकली. इतक्या जवळून बघून ठरवायला वेळ कुठला? वर्षानुवर्षांच्या सरावाने अंग आधीच तयार, चेंडू कुठेही उडो. लोक त्याला देणगी म्हणतात. मला तर त्यात मैदानावर घालवलेलं बालपण दिसतं.

वय वाढतं तशी ही चपळाई मंदावते. सासूबाईंच्या हातून कप निसटला तर तो धांदरटपणा नव्हे.

आणि रस्ता. कोन फाट्यावर ओलांडताना आपण गाडीकडे बघून म्हणतो, "थांबेल तो." ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे येते. आपण अचानक समोर आलो, तर ड्रायव्हरला दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंदभर तरी जातोच. गाडीचा वेग कमी व्हायला लागतो तो त्यानंतर, मग चाकामागे खुद्द सोलकर का बसलेला असेना.