पाकिटातील खसखस

स्वयंपाकघरातल्या डब्यात निमूटपणे पडून राहणाऱ्या खसखशीने एका बलाढ्य साम्राज्याच्या गृहमंत्र्याला भर संसदेत अडचणीत आणले, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्यास ती थट्टाच वाटेल. परंतु १८४४ साली लंडनमध्ये असा प्रकार खरोखर घडला. ज्या माणसाने ती खसखस वापरली, त्याचे नाव मराठी वाचकास परके नाही. तो माणूस म्हणजे इटलीच्या स्वातंत्र्यासाठी उभे आयुष्य वेचणारा जोसेफ मॅझिनी. विनायक दामोदर सावरकरांनी त्याच्या आत्मचरित्रपर लेखनाचा मराठी अनुवाद केला. १९०७ साली तो ग्रंथरूपाने निघाला आणि पुढे इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. त्या पुस्तकामुळे मॅझिनी महाराष्ट्रात घरोघर ठाऊक झाला. मात्र त्याच्या पत्रांची ही कथा त्या मानाने कमी परिचित आहे. आज आपल्या हातातील यंत्रावरून जाणारा प्रत्येक निरोप कोण वाचतो आणि कोण वाचत नाही, याची चर्चा सर्वत्र चालू असताना ती कथा पुन्हा ऐकण्यासारखी आहे.

मॅझिनी १८०५ साली जिनोआ येथे जन्मला. ‘तरुण इटली’ ही संघटना त्याने १८३१ साली स्थापन केली, आणि तेव्हापासून देशोदेशींचे पोलीस त्याच्या मागावर राहिले. १८३७ साली तो लंडनला येऊन राहिला. तेथे तो लेख लिहून पोट भरी आणि १८४१ पासून रस्त्यावर बाजा वाजवीत हिंडणाऱ्या गरीब इटालियन मुलांसाठी रात्रीची मोफत शाळाही चालवी. त्याचे खरे शस्त्र मात्र पत्र हेच होते. माल्टा, कॉर्फू, पॅरिस, स्वित्झर्लंड असे विखुरलेले त्याचे सहकारी टपालाच्या धाग्यानेच एकमेकांस जोडलेले होते.

तो काळ टपालाच्या दृष्टीने क्रांतीचा होता. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये पत्राचा आकार अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याने भरावयाचा असे. लंडनहून एडिंबरोस एका कागदाचे पत्र धाडावयाचे तर साडेतेरा पेनी पडत. रोलंड हिल याने सुचविलेल्या सुधारणेनुसार १० जानेवारी १८४० पासून देशात कोठेही हलक्या पत्रास अवघी एक पेनी पडू लागली, आणि मे महिन्यात जगातील पहिले चिकटविण्याचे टपाल तिकीट आले. १८३९ साली वर्षाकाठी सुमारे साडेसात कोटी पत्रे जात. दुसऱ्याच वर्षी ती संख्या सोळा कोटींच्या पुढे गेली. मोलकरीण आपल्या गावी आईला पत्र लिहू लागली, कारागीर भावाला लिहू लागला. पूर्वी वेगळे पाकीट वापरले तर तो दुसरा कागद धरून दुप्पट आकार घेत. ती अडचण गेल्यामुळे बंद पाकिटाचा रिवाज पडला. सामान्य माणसाच्या मनातली गोष्ट प्रथमच झाकून, चिकटवून आणि स्वस्तात दूर जाऊ लागली.

नव्या सोयीबरोबर तिची थट्टाही आली. तिकिटासोबतच सरकारने विल्यम मलरेडी या नामवंत चित्रकाराकडून एक शोभिवंत पाकीट काढवून घेतले होते. मध्यभागी ब्रिटानिया देवी, तिचे चारी दिशांना धावणारे दूत, हत्ती, उंट, जहाजे असा सारा थाट त्यावर होता. लोकांना हसू आवरेना. व्यंगचित्रकारांनी त्या पाकिटाची इतकी विडंबने काढली की सरकारला ते मागे घ्यावे लागले आणि शिल्लक राहिलेल्या लाखो प्रती नष्ट कराव्या लागल्या. या फजितीचा उल्लेख येथे एवढ्याचसाठी की चार वर्षांनी तेच चित्र अधिक बोचऱ्या रूपात परत यावयाचे होते.

१८४४ च्या प्रारंभी मॅझिनीला संशय येऊ लागला. त्याची पत्रे ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा येत. काही पाकिटांवर टपालाच्या वेळेचे दोन शिक्के एकावर एक मारलेले दिसत, जणू पहिल्या शिक्क्याची वेळ दुसऱ्याने झाकावयाची होती. संशयास पुरावा हवा म्हणून त्याने मित्रांच्या साहाय्याने एक साधा प्रयोग केला. स्वतःच्याच पत्त्यावर पत्रे पाठवावयाची आणि पाकिटात खसखशीचे दाणे, वाळूचे कण, क्वचित एखादा केस ठेवावयाचा. लाख मऊ करून मोहोर उचलण्यात आणि पुन्हा बेमालूम बसविण्यात टपालातील गुप्त कारकून कितीही तरबेज असले, तरी पाकीट उघडताच टेबलाखाली सांडलेली खसखस मोजून परत भरण्याचे त्यांना सुचले नाही. पत्रे घरी आली ती दाण्यांवाचून.

१४ जून १८४४ रोजी टॉमस डंकम या सभासदाने मॅझिनी आणि त्याच्या तिघा सहकाऱ्यांचा अर्ज कॉमन्स सभेत सादर केला. अर्जदारांत कोरीव कामाचा कलावंत लिंटन आणि चार्टिस्ट पुढारी विल्यम लव्हेट हेही होते. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांचे उत्तर थोडक्यात असे होते की राणी ॲनच्या काळापासून, म्हणजे १७११ पासून, मंत्र्याच्या हुकमाने पत्र उघडण्याचा अधिकार कायद्यात आहे, तो नुकताच १८३७ साली पुन्हा मान्य केला गेला आहे आणि त्याचा वापर आपण केला आहे. याहून अधिक सांगण्यास त्यांनी नकार दिला. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे उत्तर चुकीचे नव्हते. परंतु ज्या लोकांनी चार वर्षांत पत्र लिहिण्याची सवय लावून घेतली होती, त्यांना आपल्याच पाकिटात परक्याचा हात शिरल्यासारखे वाटले.

टॉमस कार्लाइल हा लेखक मॅझिनीच्या राजकारणाशी सहमत नव्हता. तरीही त्याने ‘टाइम्स’ला पत्र लिहून मॅझिनीच्या सचोटीची ग्वाही दिली, आणि अगदी पराकोटीची निकड नसेल तर परक्याचे बंद पत्र फोडणे हे खिसेकापूच्याच धंद्यातले कृत्य होय, असे बजावले. परंतु कार्लाइलच्या गंभीर वाणीहून अधिक दूर पोचली ती ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाची टवाळी. जॉन लीच या चित्रकाराने मलरेडीच्या पाकिटाचे नवे विडंबन काढले. त्यात ब्रिटानियाच्या जागी गृहमंत्री बसले होते आणि त्यांच्या भोवती लोकांची पत्रे फोडण्याचा उद्योग चालला होता. पत्र चिकटविण्यासाठी म्हणून ‘पंच’ने ‘ग्रॅहमविरोधी’ टिकल्याही छापल्या. पाहता पाहता गृहमंत्र्यांच्या नावाचे क्रियापदच झाले. ‘हे पत्र ग्रॅहम करू नये’ अशा अर्थाचा मजकूर लोक पाकिटावर लिहू लागले. मंत्र्यावर टीका झाली तर तो उत्तर देऊ शकतो. त्याचे नाव क्रियापद झाले तर त्यावर उत्तर नाही.

या हास्याच्या मागे एक काळी छाया होती. ऑस्ट्रियन आरमारातील अट्टिलिओ आणि एमिलिओ बांदिएरा हे बंधू मॅझिनीच्या विचारांनी भारलेले होते. नोकरी सोडून ते कॉर्फूला पळाले आणि जून १८४४ मध्ये मूठभर साथीदारांसह कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावर उतरले. ज्या उठावाच्या आशेने ते गेले, तो तेथे नव्हताच. ते पकडले गेले, आणि २५ जुलै रोजी कोझेन्त्सानजीक सात साथीदारांसह त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. या बंधूंचा मॅझिनीशी पत्रव्यवहार होता. परराष्ट्रमंत्री लॉर्ड ॲबर्डीन यांनी त्या पत्रांतील एक अक्षरही परकीय सरकारास दाखविले नसल्याचे सांगितले होते. परंतु पत्रांतून कळलेल्या कटाची खबर परकीय सरकारास दिली गेली होती, हे पुढे चौकशीत उघड झाले. मूळ पत्र दाखविले नाही, सार मात्र कळविले. शब्दांचा हा खेळ लोकांना रुचला नाही. इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की या बंधूंचा घात त्यांच्याच एका साथीदाराच्या फितुरीने झाला, आणि लंडनहून गेलेल्या माहितीचा त्यात किती वाटा होता याविषयी मतभेद आहेत. परंतु त्या वेळी इंग्लंडमध्ये अनेकांनी ते रक्त टपाल कचेरीच्या उंबरठ्यावर पाहिले.

दोन्ही सभागृहांच्या गुप्त समित्या नेमल्या गेल्या आणि ऑगस्टमध्ये त्यांचे अहवाल आले. गेल्या पाऊणशतकाहून अधिक काळ टपाल कचेरीत परदेशी पत्रे उघडणारी एक गुप्त शाखा नांदत होती आणि तिच्या जोडीला सांकेतिक लिपी उलगडणारी दुसरी शाखा होती, हे लोकांस कळले. या दुसऱ्या शाखेचे काम पिढ्यान्‌पिढ्या विलिस घराण्याकडे असे. त्यातील एडवर्ड विलिस हे तर अठराव्या शतकात बाथ व वेल्सचे बिशप होते. एका हाताने आशीर्वाद द्यावा आणि दुसऱ्या हाताने परक्या वकिलातींच्या पत्रांची कुलुपे उघडावी, असा तो विलक्षण संसार होता. १८४४ सालीच या दोन्ही शाखा बंद करण्यात आल्या.

परंतु येथेच या कथेचे खरे मर्म आहे. शाखा बंद झाल्या, अधिकार मात्र शाबूत राहिला. कॉमन्स सभेच्या समितीचे म्हणणे असे पडले की हा अधिकार उघडपणे रद्द केला, तर टपाल हे कट करणाऱ्यांचे सुरक्षित साधन आहे अशी जाहीर हमीच प्रत्येक गुन्हेगारास दिल्यासारखे होईल. हा युक्तिवाद निव्वळ बनावट नव्हता. मॅझिनी खरोखरच उठावाची खटपट करीत होता, आणि राज्य चालविणाऱ्यांवर शांतता राखण्याची जबाबदारी असते. प्रश्न अधिकार असावा की नसावा एवढाच नव्हता. तो कोणी वापरावा, कोणास विचारून वापरावा आणि वापरल्यावर कोणास जाब द्यावा, हा होता. त्या प्रश्नाला अहवालाने उत्तर दिले नाही. इंग्लंडमध्ये संदेश अडवून पाहण्याविषयी स्वतंत्र व सविस्तर कायदा झाला तो १९८५ साली, आणि तोही युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने आदल्या वर्षी ताशेरे ओढल्यानंतर. खसखस सांडल्यापासून त्यास एकशे एक्केचाळीस वर्षे लागली.

हिंदुस्थानात पेनी टपालाचे तत्त्व १८५४ साली आले. पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा, मग ते कितीही दूर जावो. १८७९ साली एक पैशाचे पोस्टकार्ड निघाले, आणि आपल्याकडील लोकांनी गुप्ततेचा प्रश्न आपल्या परीने सोडविला. कार्डावर उघडेच लिहिलेले असे. ते टपालवाला वाची, वाचता न येणाऱ्यास तोच वाचून दाखवी आणि गावास खुशाली आपोआप कळे. कोपरा फाडलेले कार्ड आले की न वाचताच घरात रडारड सुरू होई. जे झाकावयाचे ते पाकिटात जाई. म्हणजे काय उघडे ठेवावे आणि काय झाकावे, हे लिहिणारा स्वतः ठरवी. खाजगीपणाची याहून सोपी व्याख्या सापडणे कठीण.

सरकारनेही आपली सोय करून ठेवली होती. १८८५ च्या तार कायद्यात आणि १८९८ च्या टपाल कायद्यात संदेश अडविण्याचा अधिकार होता, आणि स्वातंत्र्यानंतरही ते कायदे चालू राहिले. १९८६ साली टपाल उघडण्याचा अधिकार अधिक विस्तृत करणारे विधेयक संसदेने संमत केले. परंतु राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, आणि ते कधीच कायदा झाले नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी चोरून ऐकण्यावर मुदतीचे व फेरतपासणीचे बंधन घातले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ साली टपाल व दूरसंचाराचे जुने कायदे जाऊन नवे आले. संदेश अडवून पाहण्याची तरतूद त्यांतही आहे. पाकीट बदलले, मोहोर बदलली, ग्रॅहम यांचा प्रश्न तसाच राहिला.

‘ज्याने काही वावगे केले नाही, त्याने भिण्याचे कारण काय?’ असे आज पुष्कळदा विचारले जाते. १८४४ सालीही ते विचारले गेले असावे. परंतु पेनीचे तिकीट लावून आईला पत्र लिहिणाऱ्या मोलकरणीने तरी काय वावगे केले होते? तिला राग आला तो आपले गुपित फुटण्याच्या भीतीने नव्हे. आपण आईशी बोलत असताना दाराआड कोणी उभे आहे, या जाणिवेने तिचे बोलणेच बदलणार होते. पहाऱ्याखाली लिहिलेले पत्र पोचते खरे, परंतु ते लिहिणाऱ्याचे राहत नाही.

मॅझिनीजवळ सैन्य नव्हते, पैसा नव्हता, मताचा अधिकारही नव्हता. त्याने तक्रार करण्याआधी शहानिशा केली, आणि चिमूटभर दाण्यांनी जे सिद्ध केले ते नाकारणे मंत्र्यास शक्य झाले नाही. आजच्या पाकिटात खसखस टाकता येत नाही, ही खरी अडचण आहे. ते कोणी उघडले याची खूण टेबलाखाली सांडत नाही. म्हणूनच पूर्वी जे काम दाण्यांनी केले, ते आता कायद्याने, न्यायालयाने आणि जागरूक वृत्तपत्रांनी करावयाचे आहे. आणि सत्ताधाऱ्यांच्या नावाचे क्रियापद करण्याची खोड लोकांनी सोडता कामा नये.